खाडीत बांधलेली फियाट

महादू,

मार्व्याच्या जेट्टीवर बसून तू येणाऱ्या-जाणाऱ्याला जी कथा ऐकवतोस, ती फिरत फिरत आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत आली. "कंपनीनं कोळ्याला फसवलं, बाई." मोटारविम्याच्या क्लेम खात्यात मी केस पांढरे केलेत. कंपन्या कुणाला कधी फसवत नाहीत असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तुझ्या बाबतीत त्यांना तेवढे श्रम पडलेच नाहीत. म्हणून खरं काय घडलं ते लिहिते. सगुणेलाही वाचून दाखव. हसेल ती, हसू दे.

तू मनोरीचा. बाप होडीवर, आजा होडीवर, आणि तू जमिनीवर उतरायचास ते लग्नाला आणि मतदानाला. सगुणा तुझी बायको. बोरिवलीत आमच्या दारी मासळीची पाटी उतरवताना ती अशी काही कण्हायची की पापलेटाचा भाव करायची लाज वाटावी. तिच्या मानेचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाला, डोक्यावर पाटी घ्यायची नाही, घेतलीस तर हात लुळा पडेल. दुसरा कुणी असता तर बायकोला घरी बसवून मोकळा झाला असता. तू जुनी फियाट घेतलीस, गाडी शिकलास आणि तिला पाट्यांसकट मार्व्याहून बोरिवलीला पोचवू लागलास. झकास केलंस. पुढे तुला बरंच बोलणार आहे, म्हणून एवढं आधीच लिहून टाकते.

खाजगी गाडीतून धंद्याची मासळी नेणं विमा कंपनीला चालतं का, हा प्रश्न तू मला विचारला नाहीस. मीही तोंड उघडलं नाही. दारात ताजी सुरमई येत होती.

गाडी मार्व्याला उभी राहायची, कारण फेरीबोटीत माणसं चढतात, बकऱ्या चढतात, मोटार चढत नाही. तुझं घर खाडीपलीकडे. आणि विमा कुठला घ्यावा हे विचारायला तू आलास माझ्या स्वयंपाकघरात, सगुणेला घेऊन.

"पहिला प्रकार कायद्यापुरता," मी सांगितलं. "तुझ्या गाडीने कुणाला उडवलं तर त्याला भरपाई. तुझ्या गाडीला छदाम नाही."

"म्हंजे हप्ता मी भरायचा नि भरपाई त्याला?"

"हो."

"तो कोन?"

"अजून कुणी नाही. पुढेमागे तुझ्या गाडीखाली येईल तो."

"बरा हाय की! त्याला मी वलखत पन नाय."

"दुसरा म्हणजे तेवढंच, वर आग आणि चोरी. तिसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह. ठोकली, उलटली, जळली, चोरीला गेली, तरी तुझ्या गाडीची भरपाई तुला. रस्त्याने, रेल्वेने, जलमार्गाने, फार कशाला, लिफ्टने नेतानासुद्धा काही झालं तरी."

"गाडी लिफ्टनं कोन नेतंय, बाई?"

"कुणी नेत नाही. इंग्रज साहेब लिहून गेला, आपण खोडलं नाही."

सगुणा चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "तिसरा घ्या."

"गप गो. आमच्या बानं कधी होरीचा विमा काढला? सगली भीती काय इकत घ्यायची? पोलीस जो मागतंय तो घेतलाय म्हंजे झाला."

"पोलीस तुझी गाडी दुरुस्त करून देतो का रे?" मी विचारलं.

तेव्हा कुठे तुझ्या तोंडून कबुली बाहेर आली, की पहिल्या प्रकारची पॉलिसी तू कधीच घेतली होतीस. माझ्याकडे आलास तो फक्त शाबासकी घ्यायला. सगुणेने तुला जिना उतरेपर्यंत धारेवर धरलं. खालच्या मजल्यावरून तुझा आवाज आला, "बदलताव गो, बदलताव! पुनव होऊ दे. पुनवेआधी नवा काम कोन करतंय?"

मग आली नारळी पुनव. सगुणेने नारळीभाताला बोलावलं म्हणून मी मनोरीला हजर होते. होडीला रंग, होडीला हार आणि गाडी मात्र पलीकडे मार्व्याला उघडी, हा दुजाभाव तुला सोसवेना. गाडीची पूजा होडीशेजारीच व्हायला हवी होती.

"भाईंदरवरून रस्ता आहे, उत्तनमार्गे," मी म्हटलं. "आण की चालवत."

"कोल्याची गाडी भाईंदरला वलसा घालून येल? गावात तोंड दाखवायला नको?"

म्हणून तू आणि तुझा चुलतभाऊ दादू, दोघांनी आपापल्या होड्या शेजारी शेजारी बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि फियाट आडवी चढवली. पुढची चाकं तुझ्या होडीत, मागची दादूच्या. खाडी तुम्ही अशी सफाईने ओलांडलीत की मीही टाळ्या वाजवल्या. बेंजो वाजत होता. तू बॉनेटवर उभा, नारळ हातात.

किनाऱ्याला लागल्यावर पोरांनी गाडी ढकलली. पुढची चाकं मनोरीच्या वाळूत उतरली. तेवढ्या धक्क्याने होड्यांमधला दोर तुटला, दादूची होडी मागे सरली आणि फियाट मागच्या मागे पाण्यात बसली, म्हशीसारखी. भरती अजून चढत होती. पन्नास माणसांनी 'हैशा' केलं, होडी ओढतात तसं. होडी हलते. फियाट वाळूत रुतत गेली. आणि खिडक्यांना पाणी लागल्यावर तू काय केलंस? बंपरला दोर लावून तिला खुंटाला बांधलीस. वाहून जाऊ नये म्हणून! एवढं लोखंड तरंगेल आणि वसईला लागेल, ही धास्ती होती तुला. सगुणा हात कमरेवर ठेवून पाहत होती. "आता होरीलाच चाकं लावा," ती म्हणाली, "नि मना बोरिवलीला न्या."

सोमवारी मी तुम्हा दोघा भावांना विमा कचेरीत घेऊन गेले. साहेब चंद्रप्रकाश, माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने पॉलिसी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, जलमार्गाचा क्लेम आजवर पाहिलात कधी?"

"एकही नाही."

"हा पहिला ठरला असता हो! खाडी जलमार्गात येते की नाही यावर वर्षभर भांडता आलं असतं. पण ही तर कायद्यापुरती." मग कर्तव्य म्हणून त्याने विचारलं, "समोरची पार्टी कोण?"

"दर्या," तू म्हणालास.

"दर्याचं काही नुकसान?"

"नाय."

दादूने घसा खाकरला. "माझ्या होरीची फली तुटली."

चंद्रप्रकाशला पुन्हा हुरूप आला. "म्हणजे गाडीने तुमच्या होडीला धडक दिली?"

"धडक कसली? ती माझ्याच होरीत बसून आयली!"

संपला तुझा क्लेम. यात फसवणूक कुठे झाली, दाखव मला.

आता राहिलं इंजिन. साकीनाक्याचा गॅरेजवाला सहदेव फोनवर मला म्हणाला, खाऱ्या पाण्यातली गाडी लगेच आणलीत तर वाचेल, उशीर केलात तर मीठ सगळं खाईल. तुला निरोप धाडला. तू दारं आणि बॉनेट उघडून फियाट उन्हात वाळत घातली होतीस, बोंबलासारखी. गुरुवारी टेम्पोला बांधून भाईंदरमार्गे न्यायची ठरली. टेम्पो मी ठरवला, सोबतही मीच येणार होते, कारण गॅरेजात तू तोंड उघडलंस की काम वाढतं.

मध्यंतरी सगुणेने गाडीची मागची सीट उपटली, दादूच्या होडीतून मार्व्याच्या जेट्टीवर आणली आणि तिच्यावर बसून मासळी विकायला लागली. खाडीपलीकडच्या बंगल्यांकडे निघालेली शनिवार-रविवारची मंडळी तिथेच खरेदी करतात. पाटी डोक्यावर चढतच नाही. पुढे मानही सुधारली. आता बोरिवलीचे आम्हीच बस पकडून तिच्याकडे जातो, आणि ती आता कण्हत नसली तरी भाव काही कमी करत नाही.

त्या गुरुवारी मी टेम्पो घेऊन भाईंदरच्या फाटकापाशी उभी होते. तिथून तू आम्हाला मनोरीला नेणार होतास, पण आला नाहीस. दादू आला, सायकलवरून, तुझा निरोप घेऊन: "गाडी बनवली तर सीट परत लावावी लागंल, सगुना उठत नाय." मी टेम्पो परत पाठवला. सहदेवचा फोन अजून येतो. मी सांगते, येत्या गुरुवारी आणतो.