सरकारमान्य मामा

मामांना कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "सरकारमान्य हाय." चुना चांगला आहे का? सरकारमान्य हाय. तंबाखूनं तोंड सडतं म्हणे? सडू दे, सरकारमान्य हाय. तुर्भ्याला मार्केटच्या गेटासमोर त्यांची पानाची टपरी होती आणि तिथं येणारे सगळे माथाडी त्यांना सरकारमान्य मामाच म्हणत. मीही म्हणायची, पण दातओठ खाऊन. त्या माणसाचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि लिहायला बसलं की दुसऱ्या कोणावर लिहावंसं वाटत नाही, त्याला काय करणार?

ते माझ्या आईच्या गावचे, साताऱ्याकडचे, म्हणून मामा. लग्न होऊन मी कोपरखैरण्याला आले तेव्हा खोली त्यांनीच बघून दिली. आमच्या ह्यांना कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हमालांच्या टोळीत लावलं तेही त्यांनीच. मी बाळंतीण झाले तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं की मुशी मासा खाल्ला की आईला दूध येतं. झालं, गळ्यात माळ घातलेला हा माणूस दिवाळे गावच्या कोळणींकडे जाऊन मुशी घेऊन आला. पिशवी अंगापासून हातभर लांब धरलेली, तोंड दुसरीकडे. "घे पोरी, माझ्या नाकाला न्हाई सोसत," म्हणाले आणि उंबऱ्यावरूनच परत गेले. असा माणूस वाईट कसा म्हणायचा? म्हणून तर जास्त संताप येतो.

गोळी त्यांनीच ह्यांच्या हातावर ठेवली. दिवसभर पाठीवर पोती वाहून ह्यांचं अंग ठणकायचं, जेवण जायचं नाही. मामांच्या टपरीवर बडीशेपेच्या बरणीशेजारी काळपट गोळ्यांच्या पुड्यांची माळ टांगलेली असायची. पाचक म्हणून खपायच्या. आंबटगोड, मनुका घातलेल्या. जेवणानंतर एक घ्यायची. ह्यांना भूक लागायला लागली, गाढ झोप लागायला लागली. मी मामांना दुवा दिला, खोटं कशाला बोलू.

एकदा ह्यांनी पुडीवरची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांपाशी धरून वाचली. वर 'आयुर्वेदिक औषध', खाली काय काय घातलंय ते, आणि त्यात एक नाव: विजया. माझं नाव! हे हसत सुटले. मामा तर आख्ख्या गेटाला ऐकवत राहिले की बायकोच्या नावाची गोळी आहे, मानवणारच. ही विजया कोणी कंपनीच्या मालकाची लेक असेल, असा त्यांनी शोधही लावला. त्या दिवसापासून हे गोळी मागताना "मामा, विजया द्या" म्हणायचे. मी लटकी रागवायची, पण आत कुठंतरी बरं वाटायचं.

एकीच्या तीन झाल्या. मग हे कशावरही हसायला लागले आणि नंतर कशावरच हसेनात. तेच ते पुन्हा विचारायचे, सकाळी डोळे जड. मी टपरीवर जाऊन मामांशी भांडले. ते म्हणाले, औषध आहे, पुडीवर छापलंय, गांज्याफिंज्याला मी टपरीपाशी उभं करत नाही. ते खरंच होतं. गांजावाल्याला पोलिसांनी मारत नेलं की मामा मान हलवून म्हणायचे, बरं झालं.

आणि एका दुपारी हे ट्रकला लावलेल्या फळीवरून पोत्यासकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दारू? मी ठणकावून सांगितलं, शिवत नाहीत, फक्त पाचक गोळी घेतात. सदऱ्याच्या खिशातली पुडी काढून पुढं केली. डॉक्टरांनी वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"विजया म्हणजे भांग, बाई. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात."

त्याच झाडाच्या फुलांचा गांजा, तो विकला तर बेड्या. पानांची भांग, ती औषधाच्या कागदात गुंडाळली की मान्य. डॉक्टर हे शांतपणे सांगत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आपल्याच नावाची सवत माणसानं स्वतःच्या हातानं घरात घ्यावी?

परवा खारघरला लेकाच्या सोसायटीत एका शेजारणीनं झोपेसाठी मागवलेली बाटली दाखवली. भांगेच्याच झाडाचं तेल, आता कायदेशीर मिळतं म्हणाली. मी विचारलं, किती घ्यायचं, कोणी घ्यायचं नाही? तर म्हणते, काकू, कायदेशीर आहे ना, मग टेन्शन कसलं! शिकलेली बाई, पण बोलली मामांसारखंच.

तर त्या दिवशी मी दवाखान्यातून थेट टपरीवर गेले. मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझा खरा राग हाच. विकणाऱ्याला माहीत नाही, खाणाऱ्याला माहीत नाही, छापणाऱ्याला तेवढं पुरतं माहीत!

"विकायचं तर भांग म्हणून विका," मी म्हणाले. "खाऊन फळीवर चढू नको, हेही सांगा."

मामांनी तसं सांगायला सुरुवात केली. निम्म्यांनी पुड्या परत ठेवल्या आणि बाकीच्यांनी दोन-दोन मागितल्या. तेव्हा मामांनी ती माळच उतरवून गटारात टाकली.

हाड सांधलं, पण पाय आखूड राहिला. पोती वाहणं संपलं, टोळीनं ह्यांना वजनकाट्याच्या कामावर बसवलं. आणि कामावर गेल्या गेल्या हे मामांकडे गोळी मागायला गेले. मामा नाही म्हणाले. ह्यांनी गेटासमोर त्यांची आईबहीण काढली आणि शेजारच्या टपरीवरून पुडी घेतली. मामा त्या टपरीवाल्याच्या हातापाया पडले, ह्याला देऊ नको म्हणाले. तो हसून म्हणाला, "मामा, सरकारमान्य हाय." आख्खं गेट खिदळलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा ऐन जेवणाच्या सुट्टीत, धंद्याच्या वेळेला, टपरीवर फळकूट लावायचे आणि काट्यापाशी येऊन ह्यांच्या शेजारी बसायचे. हे उठले की मामा उठायचे, हे शेजारच्या टपरीकडे वळले की वाटेत उभे राहायचे. हे शिव्या द्यायचे, ढकलायचे. एकदा तर चिखलात पडले आणि माखल्या धोतरानं मामा तसेच परत येऊन बसले, असं टोळीतल्या लोकांनी मला सांगितलं. आख्खा हिवाळा हेच चाललं. पुढं शिव्या थांबल्या. मग ह्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मामांपुढं सरकवली. गोळी सुटली ती तेव्हा.

मी मात्र बधले नाही. होळीच्या आधी मामा घरी आले, गावाला निघाले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "विजे, माझं चुकलं. एकदा माफ केलं म्हण, म्हंजी मोकळा झालो."

समोर हे भिंतीला धरून पाण्याचा तांब्या आणत होते, लंगडत. मी म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

त्यांनी चहा संपवून टोपी घातली. गावाला गेले आणि तिथंच गेले. निरोप आला तेव्हा हे लहान पोरासारखे रडले. मी नाही रडले. मी चिडले. जायची परवानगी कोणी दिली होती?

ह्यांचा पाय अजून तसाच आहे, म्हणजे माफी मी आजही दिली नसती. पण रोज उठून भांडायला तरी तो म्हातारा समोर हवा होता.