मिस्त्री आणि नव्या गाडीचा वास

मिस्त्री कुठल्याही गाडीत बसण्याआधी दार उघडून आत डोकं घालत आणि वास घेत. गाडीचं दुखणं त्यांना वासावरूनच कळे. मंचरला माझा दवाखाना चालू लागला आणि मी नवी कोरी मोटार घेतली, तेव्हा आळेफाट्याच्या एका गॅरेजातून त्यांना ड्रायव्हर म्हणून आणलं. नव्या गाडीत घातलेलं डोकं त्यांनी लगेच बाहेर काढलं.

"लई वास हाय, डाक्टरसाहेब. माणूस टिकायचं न्हाई आत."

मला तो रेक्झिनचा आणि रंगाचा वास आवडे. आपलं बरं चाललंय असं वाटे. मिस्त्रींनी मात्र दुसऱ्याच दिवशी सीटवरची कंपनीची आवरणं काढून टाकली. रोज सकाळी चिंचेच्या सावलीत चारही दारं उघडी. ओलं फडकं घट्ट पिळून रेक्झिन पुसायचं, मग कोरडं करायचं. सीटखाली कोळशाची टोपली, आठवड्यानं कोळसे बदलायचे. अत्तर शिंपडा म्हटलं तर म्हणाले, "वासावर वास टाकला की दोन वास व्हत्यात." गाडीही ते हळूच चालवत. मी घाई केली की म्हणत, "नवं इंजिन हाय. अंग मोकळं व्हऊ द्या त्याचं."

दवाखान्यामागच्या खोलीत ते एकटे राहत, स्वतःच भाकरी थापत. बायको जुन्नरला. तिला मोटारीच्या वासानं उलट्या होत. उभा जन्म मोटारीवर काढलेल्या या माणसाच्या शेजारी ती कधी बसली नव्हती. शुक्रवारी घरी जाताना मिस्त्री आधी नदीवर अंघोळ करत, कपडे बदलत, मगच उंबरा ओलांडत.

"तरी तिला कळतं," ते म्हणत.

त्याच सुमारास मी जुन्नरला जाऊन तिला तपासलं. छातीत गाठ होती. पुण्याला लगेच न्या, असं मी सांगितलं. मिस्त्रींनी तिला एस.टी.त बसवलं, पण ती नारायणगावलाच उतरली आणि चालत माघारी फिरली. मिस्त्री मला म्हणाले, "जरा थांबू. वास गेला की आपल्याच गाडीतून नेतो."

मी थांबलो.

दोन महिन्यांनी आम्ही गाडी जुन्नरला नेली आणि ती आली. काच खाली करून पुढच्या सीटवर बसली. खेड मागं पडलं तेव्हा म्हणाली, "न्हाई येत वास. चुलीचा येतो जरासा." मिस्त्रींनी समोरची नजर हलवली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

पुण्यातल्या सर्जननं तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, उशीर झालाय. परतताना तिनं मंचरला गाडी थांबवायला लावली. "तुमी ऱ्हाता ती खोली दावा." आत जाऊन तिनं सगळीकडं पाहिलं, स्टोव्हजवळ पालथी पडलेली पातेली एकात एक नीट लावली आणि गाडीत येऊन बसली. दीड महिन्यात ती गेली.

चाळिसावा झाल्यावर मिस्त्री किल्ली द्यायला आले. आता मन लागत नाही म्हणाले. मी आग्रह केला नाही. दारात थांबून त्यांनी विचारलं, "डाक्टरसाहेब, वासासाठी थांबलो नसतो तर?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो.

"मग बरं," ते म्हणाले आणि एस.टी. स्टँडकडं चालू लागले.

डॉक्टरचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. मला मात्र तेव्हाही ते ठाऊक नव्हतं, आजही नाही.