दाराला टांगायचा तांदळाचा डबा

आधीच सांगून टाकतो — मी अमावास्येला नवी गाडी घरी आणलेला माणूस आहे. शोरूमवाला दोनदा म्हणाला, भाईसाब, कल ले जाओ. मी म्हटलं, आजच द्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलो. आता स्वतःचा लिहायला बसलोय... हसा खुशाल.

मी मूळचा सांगलीचा, राहतो मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनाला. स्टुडंट म्हणून आलो, कायम राहायची पीआर मिळाली, लग्न झालं, मोडलं. मुलगी तिच्या आईबरोबर सिडनीला. रविवारी फोन होतो, मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. काम घरूनच, एका वेअरहाऊसच्या ट्रकांची शेड्यूल्स लावायची. आमची वसाहत नवीकोरी. गॅरेजचं दार रिमोटने वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली. माणूस म्हणून दिसत नाही. समोरच्या सरदारजीचं नावसुद्धा मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मी घरात मरून पडलो तर वासावरूनच कळेल, असं मी मित्रांना गमतीत सांगायचो. पूर्ण गंमत नव्हती ती.

मग शेजारच्या घरात एक इंडोनेशियन कुटुंब भाड्याने आलं. मुलगा-सून दिवसभर शिफ्टला, घरी त्याची म्हातारी आई एकटी. तिचं नाव श्री. तिकडे बाईमाणसाला आदराने 'बु' म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं, म्हणून मी तिला बु श्री म्हणायचो. पहिल्यांदा कुंपणावरून तिने मला तळलेली केळी दिली, मी तिला लिंबाचं लोणचं दिलं. ते तिला आवडलं नाही आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. तिथेच आमचं जमलं.

दुपारी माझा ब्रेक झाला की ती तिच्या गल्लीबद्दल बोलायची, मोडक्या इंग्लिशमध्ये. गल्ली तिकडच्या सेमारांग शहराच्या उत्तरेला, समुद्राला लागून, घरोघरी मासळीला धुरी द्यायचं काम. शहर दुसरीकडे टेकड्यांवर वाढत चाललेलं, तिकडे मॉल, टॉवर, काय नि काय. या गल्लीचं नाव त्याच शहरातल्या लोकांना विचारलं तर ते म्हणणार, असं काही आहे? जमीन तिथे हळूहळू खचते. भरती आली की गटारातून पाणी उलटं घरात शिरतं. मग लोक फरशीवर भर घालून घर आतून उंच करतात. काही वर्षांनी पुन्हा. छप्पर आहे तिथेच, त्यामुळे दारं बुटकी होत गेली. तिचा नवरा उंच होता. स्वतःच्या घरात वाकून वावरता वावरता तो बाहेर मोकळ्या आकाशाखालीही वाकूनच उभा राहायचा, हे सांगताना ती हसायची. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीतले पुरुष कोरड्या दिवशीसुद्धा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून हिंडत. बाजारात लोक त्यावरून त्यांना ओळखायचे, चिडवायचे.

आणि तिथली एक पद्धत. संध्याकाळी प्रत्येक घराने दाराबाहेर एक डबा टांगायचा, त्यात मूठभर तांदूळ. गस्तीवरचे लोक फिरताना ते गोळा करणार. त्या तांदळाच्या पैशातून गल्लीचा दिवा, कुणाचं आजारपण. पण खरी गोष्ट वेगळीच, ती म्हणाली. ज्या घराबाहेर डबा दिसला नाही तिथे गस्तवाले थांबतात आणि हाक मारतात. 'कुलो नुवून.' म्हणजे आत येऊ का. आतल्याने म्हणायचं, 'मोंगो.' या. उत्तर आलं नाही तर दार फोडायचं. तिचा नवरा कायम गस्तीला असायचा.

ट्रुगानिनातसुद्धा ती रोज दाराला डबा टांगायची. मी म्हटलं, बु, इथे कोण येणार, फार तर रात्री कुंपणावरून फिरणारं एखादं पोसम. ती म्हणाली, डबा आपलं काम करतो, येणारे त्यांचं करतील.

तिचा व्हिसा संपला, ती परत गेली. मुलगा-सूनही पर्थला हलले. जाताना तिने तो डबा — कंडेन्स्ड मिल्कचा जुना, तारेचा कान लावलेला — माझ्या हातात दिला आणि रोज टांगायचा म्हणून बजावलं. मी हो म्हटलं. मला हे सगळं बावळटपणाचं वाटायचं, पण टांगत राहिलो. दिवसभरात स्क्रीन सोडून दुसऱ्या कुणासाठी काही केलं असेल तर तेवढंच. सकाळी तांदूळ जसेच्या तसे. ते पाखरांना टाकायचे, डबा आत आणायचा. मला तिची आठवण यायची, सरळ सांगतो.

मागच्या हिवाळ्यात ताप आला. साधा फ्लू म्हणून पॅरासिटामॉल घेत राहिलो. बॉसला मेसेज केला, त्याचं उत्तर आलं, नो वरीज मेट. मग फोनचं चार्जिंग संपलं आणि मला उठून तो लावायचंही त्राण राहिलं नाही. श्वास घेताना छातीत कळ यायची. अंधारून आलं तेव्हा डोक्यात आलं, आज डबा टांगायचा राहिला. आणि मग वाटलं, जाऊ दे. फार शांत वाटत होतं. आता कळतं की ते वाईट लक्षण होतं.

तेवढ्यात दारावर टकटक. बेल असताना टकटक. आणि एका पुरुषाचा आवाज, अगदी नम्र — "कुलो नुवून."

मी पडून राहिलो. पुन्हा टकटक, पुन्हा तेच शब्द. ते थांबेचनात. मला राग आला, खरंच राग आला, की मरूही देत नाहीत निवांत. मी "मोंगो" म्हणालो, पण आवाज फुटेना. शेवटी भिंत धरत, मग रांगत दारापर्यंत गेलो आणि लॅच फिरवला.

बाहेर कुणीही नव्हतं. चिखलाचा खारट वास येत होता, त्यात धुरी दिलेल्या मासळीचा. आमच्या इथून समुद्र कुठल्या कुठे. मी तिथेच उंबऱ्यावर कोसळलो.

हॉस्पिटलमध्ये जाग आली. न्यूमोनिया रक्तात उतरला होता. डॉक्टर म्हणाली, सकाळपर्यंत घरात राहिला असतास तर कठीण होतं. ॲम्ब्युलन्स बोलावली होती समोरच्या सरदारजीने. नाव गुरप्रीत. तो कचऱ्याचे बिन बाहेर काढत होता. भेटायला आला, सफरचंदं घेऊन. मी आभार मानले. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "भाईसाब, आपके मेहमान कहाँ गए?"

मी म्हटलं, कोण मेहमान?

त्याने सांगितलं, माझ्या पोर्चमध्ये तीन-चार माणसं टॉर्च घेऊन उभी होती, म्हणून तर त्याचं लक्ष गेलं. दार उघडलं, मी पडलो, आणि तो धावत रस्ता ओलांडून येईपर्यंत ती नव्हती. पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले होते, त्याचं त्याला नवल वाटलं, एवढ्या थंडीत. "एक लंबा आदमी था, झुक के खड़ा था। जैसे छत नीची हो।"

मी गुरप्रीतशी त्याआधी एक शब्द बोललो नव्हतो. गल्ली, नवरा, डबा — त्याला काहीएक माहीत असण्याचं कारण नाही.

घरी आल्यावर बु श्रीला व्हिडिओ कॉल केला. ती आता बहिणीकडे असते, टेकडीवरच्या एका टॉवरमध्ये. गल्ली राहिली नाही म्हणाली. समुद्राचा बांध आणि रस्ता व्हायचाय, घरं पाडली, माणसं पांगली. गस्त तर कधीच बंद पडली होती. मी घडलं ते सगळं सांगितलं. वाकून उभ्या राहिलेल्या माणसापर्यंत आलो तेव्हा तिने फोन खाली ठेवला. मला नुसतं छत दिसत होतं. बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे पुसलेले.

"इथेही मी डबा टांगते," ती म्हणाली. "शेजारी हसतात. तो अजून आला नाही. त्याला घर सापडत नसेल. पुन्हा आला तर माझा पत्ता सांगशील?"

तापात भास होतात, हे मलाही कळतं. पण गुरप्रीतला ताप नव्हता. कॅमेरा नव्हता, तेव्हा विचारू नका.

रोज संध्याकाळी डबा टांगतो. टांगून झालं की पोर्चमध्ये उभा राहून तिचा पत्ता मोठ्याने म्हणतो. टॉवरचं नाव, मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडचं दार. आणि दार उंच आहे, वाकायला लागणार नाही, तेही सांगतो. समोरून गुरप्रीत बघत असतो. माझं म्हणून होईपर्यंत तो गॅरेजचं दार खाली करत नाही.