पायथ्याची हाळी

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत रंगवलेलं सूत वाळत घालतात. पावसाळी हवेत त्याचा ओला, किंचित आंबूस वास घरभर पसरला, की आजही जेवता जेवता माझा हात थांबतो. तो वास मला गडावरच्या दहा घरांच्या वाडीत नेतो, आणि मला तिथं जायचं नसतं.

पंचविशीत मी चादरी विकत गावोगाव फिरत होतो. सह्याद्रीतल्या एका जुन्या गडावर, ढासळलेल्या दरवाजाआड ती वाडी होती. दरवाजाशी राहणाऱ्या म्हाताऱ्यानं मला दोन दिवस ठेवून घेतलं. पूर्वी दरवाजाची राखण त्याच्या घराकडे होती. राखण गेली, एक रीत मात्र उरली होती. पाहुण्यानं गड उतरला, की पायथ्याच्या दगडावरून हाळी द्यायची, "पोचलो!" वरून उत्तर यायचं, "व्हय!" तोवर यजमानानं घास तोंडात घालायचा नाही.

"इसरू नगा, सोलापूरकर," तो निघताना हसत म्हणाला. "न्हायतर म्हातारी मला उपाशी मारंल."

"चादरी इकताना एवढं वरडत्यात, एक हाळी जड हाय व्हय?" म्हातारी आतून बोलली.

मी उतरलो. धुकं दाटलं होतं. समोर एसटी सुटायच्या बेतात होती. मी दगड ओलांडून धावत सुटलो.

पुढच्या वर्षी पायथ्याच्या चहावाल्याकडून कळलं. दुपार टळेपर्यंत म्हातारा उपाशी बसला, मग मला शोधायला धुक्यात उतरला आणि कड्यावरून कोसळून गेला. अंगावर मी निघताना दिलेली चादर होती, धुक्यानं ओली झालेली. मी चहा तसाच ठेवून परतलो. वर जायचा धीर पुढची वीस वर्षं झाला नाही.

यंदा श्रावणात गेलो. घरांना कुलपं, अंगणांत कमरेएवढं गवत. एकट्या म्हातारीची चूल पेटलेली होती, आणि चुलीपुढं दोन ताटं वाढलेली. मी सगळं सांगून टाकलं. तिनं चुलीत लाकूड सारलं.

"मला ठाव हाय," ती शांतपणे म्हणाली. "त्यो अजून जेवला न्हाय. दरवाजात बसून ऱ्हातोय. जावा, हाळी द्या."

दरवाजातून जाताना मी मान वर केली नाही. पायथ्याच्या दगडावर उभा राहून ओरडलो, "पोचलो!" धुक्यातल्या कड्यानं माझाच शब्द परत केला. मग सगळं शांत झाल्यावर वरून आलं, "व्हय!" म्हातारीचा थकलेला आवाज एवढ्या खाली पोचत नाही.

क्षमा मिळाली, असं मी म्हणत नाही. माणसं गेली, गाव ओस पडलं. वाट पाहणं तेवढं तिथंच बसून होतं. ओल्या सुताचा वास आला, की हात अजून थांबतो. मनातल्या मनात एक हाळी देतो, आणि उत्तर आलं की घास उचलतो.