हिरवळीखालची विहीर

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात गवताचं बी पेरलंय. पाइपच्या जोराने बी वाहून जातं, म्हणून रोज सकाळी मीच झारीने पाणी घालतो. कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दोरी बांधलीय.

आता पोपटी लव दिसू लागलीय. फक्त मधोमध एका गोल तुकड्यात माती कोरडीच राहते. तिथे कितीही पाणी घाला, क्षणात नाहीसं होतं.

"तिथे विहीर होती हो," बायको खिडकीतून म्हणाली. "बिल्डरने राडारोडा टाकून बुजवली, विसरलात?"

विसरलो होतो. पाणी मात्र विसरलेलं नाही, ते अजून जुन्या घरीच जातंय. माणसाचं बरं असतं. वरून हिरवं दिसलं की खालचं सगळं भरून आलं, असं तो धरून चालतो.

आज तो तुकडा वीतभर खचलेला दिसला. मी सोसायटीच्या चेअरमनना बोलावून दाखवला.

"थोडी माती टाकू," ते म्हणाले. "गवत दाट झालं की काही दिसणार नाही."

मला तीच तर भीती वाटत होती.

पहिल्या मजल्यावरची छोटी सई दोरीपाशी येऊन उभी राहिली. "आत कधी खेळायचं?"

"सगळं हिरवं झालं की," चेअरमन हसून म्हणाले आणि निघून गेले.

मी उरलेली झारी त्या गोलात रिकामी केली. पाणी गेलं. जरा वेळाने, खूप खोलवर, ते पडल्याचा आवाज आला.

"आजोबा, खाली काय आहे?" म्हणत सईने दोरी उचलली.