पितळेवरचं नाव

दिघाशी गावातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे. कॉलेजात एका मायक्रोस्कोपवर आम्ही सहाजण असायचो. डोळा लावून नीट दिसायला लागलं की मागचा मुलगा खांदा हलवायचा. तेव्हाच ठरवलं, एक आपला घ्यायचा.

पुढे पडघ्याला शाळेत मास्तर झालो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निजामपुऱ्यात भंगारवाल्याकडे जायचो. आजूबाजूच्या पॉवरलूमच्या खडखडाटात तो ओरडून बोलायचा. पहिला पितळी मायक्रोस्कोप त्याच्याकडेच मिळाला, तुटक्या नळांच्या ढिगात. "मास्टर, इससे मच्छर का दाँत दिखेगा क्या?" असं विचारून त्यानं तो माझ्या हातात दिला.

दोन-तीन वर्षांत तीन झाले. त्यातल्या दोनांवर बनवणाऱ्याचं नाव स्पष्ट होतं. सायबर कॅफेत बसून मी त्या कारागिरांची माहिती शोधायचो. कोण आधी चष्मे करायचा, कुणाचं दुकान पुढे मुलानं चालवलं, हे वाचताना तासाची वेळ कधी संपायची कळायचं नाही. तिसरा सगळ्यात देखणा, पण त्याच्या पायावरचं नाव काजळीसारख्या थरात बुजलेलं. पुण्याच्या एका संग्राहकानं ई-मेलवर बजावलं होतं: नावाशिवाय त्याची जात कळणार नाही, आणि काही झालं तरी घासू नका, वरचं सोनेरी रोगण मूळचं आहे. महिनाभर मी बॅटरीच्या उजेडात झगडलो. तीन अक्षरांपुढे गेलो नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे विळा, कोयता आणि बाबांची लूमवरची कात्री पूजेला लागते. शाळेतून आलो तर पाटावर माझे तिन्ही मायक्रोस्कोप लखलखत होते. आईनं चिंच आणि राख लावून घासले होते, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. ती दारातच उभी होती, मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "वाटोळं केलंस तू माझं. शिकली असतीस तर कळलं असतं."

बोललो आणि जीभ चावली, पण शब्द गेला होता.

"काला पडलेला पितल पूजंला कसा ठेवू?" ती हळूच म्हणाली. "तुजीच हत्यारां ना ती?" आणि चुलीपाशी जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर भूक न्हाय म्हणाली.

बाबा उठले. कापडातले धागे मोजायचं छोटं भिंग त्यांच्या खिशात कायम असायचं. ते काढून पाटाशी वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. चिंचेनं काजळी गेली होती आणि आईच्या अंगठ्याचं कुंकू कोरलेल्या खाचांत बसलं होतं. काळ्यावर काळं न दिसणारं नाव आता लाल झालं होतं. मी एकेक अक्षर वाचलं. नाव, खाली लंडन, त्याखाली नंबर.

मी चुलीपाशी गेलो. चुकलो म्हणालो. नाव मिळालं, तुझ्यामुळे मिळालं, हेही सांगितलं.

तिनं मान वर केली नाही. "कुनाचा नाव?"

"ज्यानं बनवला त्याचं."

"म्हंजी आपून भांड्यावर घालतो तसा?" तिनं मांडीजवळचा माहेरचा तांब्या उचलला. तिच्या बापाचं नाव होतं त्यावर. तिला वाचता येत नव्हतं, पण पंगतीतल्या पन्नास तांब्यांतून ती तो ओळखायची. त्या अक्षरांवर बोट फिरवत म्हणाली, "मंग ते पुसू नको. जेवायला वाढते, बस."

नाव कळवलं तसं पुण्याहून उत्तर आलं: कारागीर चांगला, पण रोगण गेल्यानं वस्तूची किंमत उरली नाही. मी त्यांना पुन्हा लिहिलं नाही.

तो मायक्रोस्कोप अजून माझ्याकडे आहे. त्या अक्षरांतलं कुंकू मी काढलेलं नाही.