बाहीवरचा नंबर

माझी मावशी कपडे शिवते आणि माणसं उसवते. तिच्या दारासमोर पाइपासाठी चर खणून ठेकेदार गायब झाला, तेव्हा तो सुटला एवढंच म्हणायचं. अडकले ते काका. अर्धांगवायूनंतर त्यांना चाकाची खुर्ची लागते. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बसून जगाला नावं ठेवणं हा त्यांचा एकमेव उद्योग. तो बंद पडल्यावर ते मावशीच्या शिलाईला नावं ठेवू लागले. पुढे तेही सोडलं आणि नुसते भिंतीकडे बघत बसू लागले. मावशी घाबरली ती तेव्हा.

मी नगरसेवकांना ईमेल केलं. ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे,’ असं उत्तर तत्काळ आलं. चर होता तिथेच.

“घाल तुझं ईमेल चुलीत,” मावशी म्हणाली.

निवडणुकीची पोस्टरं चांगली जाड असतात, म्हणून ती त्यांचेच कागदी साचे कापते. एका बाहीवर फोन नंबर शाबूत होता. नाव आणि चेहरा गळ्याच्या कापात गेले होते. तिनं फोन लावला. पलीकडच्या माणसानं लगेच उचलला, तिच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि “उद्या येतो,” म्हणाला.

आला खरंच. मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, हे निवडून आलेले नाहीत. हे पडलेले.”

“मग काल फोनवर का नाही बोललात?” मावशीनं त्यालाच दरडावलं.

“निकालानंतर कुणाचा फोनच आला नव्हता हो,” तो ओशाळून म्हणाला. “ठेवून द्यावासा वाटेना.”

मग आम्ही दोघांनी काकांना खुर्चीसकट उचलून चर ओलांडला आणि चौघं नगरसेवकांच्या कार्यालयात गेलो. “साहेब मीटिंगमध्ये...” एवढं म्हणून दारावरच्या माणसाची नजर खुर्ची ढकलणाऱ्यावर गेली. साहेबांची मीटिंग तिथेच संपली. हरलेला माणूस मतदाराची खुर्ची ढकलत गावभर फिरतोय, हे कुठल्या साहेबाला परवडेल?

दुसऱ्याच दिवशी चर बुजला. साहेब त्यावर उभे राहून फोटोही काढून गेले.

संध्याकाळी काका एकटेच खुर्चीची चाकं फिरवत कोपऱ्यावर गेले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज दारापर्यंत आला. चर नीट बुजवला नाही, आणि तो पडलेला तर खुर्चीसुद्धा वाकडी ढकलतो, म्हणत होते. मावशी मशीन थांबवून ऐकत बसली. तिचे डोळे भरून आले होते.